मंदावलेला संगणक : आधीं निदान, मग खर्च

घरांतील संगणक मंदावला, अथवा मधूनच बंद पडूं लागला, कीं ‘आतां नवाच घेऊं’ असा ठराव तत्काळ होतो. परंतु मंदपणा हें लक्षण आहे, रोग नव्हे. निदानापूर्वीं खर्च करणें सुज्ञ गृहस्थास शोभत नाहीं.

प्रथम छायाचित्रें व कागदपत्रें दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीं. हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर क्षणाचाही विलंब नको. डिस्क नवी मिळते. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचें छायाचित्र पुन्हां मिळत नाहीं.

मग यंत्र ‘रीस्टार्ट’ करावें. अनेक दोष एवढ्यानेंच जातात.

न गेल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबाव्या. विंडोजचें ‘टास्क मॅनेजर’ उघडेल. घरांतील प्रत्येकानें घातलेले प्रोग्रॅम यंत्राबरोबरच सुरू होत असतील, तर अनावश्यक तेवढे तेथेंच बंद करावे. मेमरी सतत भरलेली दिसल्यास रॅम वाढवावी. डिस्क स्वस्थ बसल्या वेळींही १०० टक्के गुंतलेली राहत असेल, तर हार्ड डिस्कऐवजीं एसएसडी बसविल्यानें पुष्कळ फरक पडतो. तापून बंद पडणाऱ्या यंत्राचा पंखा बहुधा धुळीनें तुंबलेला असतो.

मात्र सुटे भाग घेण्यापूर्वीं एक पाहावें. विंडोज १० चें नियमित साह्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें. यंत्र विंडोज ११ पेलूं शकत नसेल, तर नव्याचा विचार उधळपट्टी ठरणार नाहीं.