पी-वन, पी-टू आणि मामा

जुनी स्कूटर विकायला काढली. गिऱ्हाईक ठरलं, किंमत ठरली, आणि त्या मुलाने खिशातला मोबाइल काढून गाडीचा नंबर टाकला. "काका, चलान पेंडिंग दिसतायत. आधी ती क्लिअर करा." बघितली तर सगळी नो पार्किंगची. पैसे भरले. पैशांपेक्षा झोंबलं ते हे, की यांतल्या एकाही दंडाच्या वेळी मला भांडायला कोणी मिळालं नव्हतं.

पुण्यात सायकल भिंतीला टेकवून कामाला जायचे दिवस होते, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मजा आली ती नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहा वर्षं. शहर दुचाक्यांनी भरलं आणि गल्लोगल्ली पी-वन, पी-टूचे फलक लागले. विषम तारखेला एक बाजू, सम तारखेला दुसरी. महिनाअखेर हा सापळा होता. 31 नंतर 1 येते, दोन्ही विषम, म्हणजे गाडी हलवायची नाही. पण नियम पाळायची सवय लागलेले सज्जन रात्रीच बाजू बदलून ठेवायचे आणि सकाळी नेमके तेच सापडायचे. ज्यांना तारीखच माहीत नसे ते सुटत.

लक्ष्मी रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत "टेम्पो आला!" अशी आरोळी उठली की साड्यांच्या दुकानांतून माणसं अनवाणी बाहेर धावायची. गाड्या उचलणारा टेम्पो पुरता थांबायच्या आत त्यातली पोरं खाली उडी मारत. एक हँडलला, एक मागे कॅरिअरला, आणि हुप्प करून गाडी वर. चेतक जड, म्हणून ती शेवटी. दाटीत मधोमध घुसवलेली गाडी वाचायची, कडेची जायची. त्यामुळे जाणकार लोक कडेला जागा असली तरी आत घुसत. दुसरा उपाय म्हणजे पोराला सीटवर बसवून जाणे. "ट्रॅफिकचे मामा आले तर हाक मार," एवढं सांगून आया निर्धास्त तुळशीबागेत शिरत.

त्या टेम्पोवाल्यांशी माझा हिशेब अजून बाकी आहे. लॉक केलेलं हँडल पिरगाळून मडगार्ड चेपलं, वर "आधीचंच आहे ते" हे ठेवणीतलं उत्तर. ठेकेदार पोलिसांकडे बोट दाखवी, पोलीस ठेकेदाराकडे.

मामांशी मात्र वाद घालता यायचा. गाडी उचलायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 चा, दंड कलम 177 चा, पहिल्या वेळी जास्तीत जास्त शंभर रुपये. हे पाठ असलेले पेन्शनर प्रत्येक पेठेत होते. "फलक कुठाय दाखवा" म्हणत ते मामांना कोपऱ्यापर्यंत चालवत न्यायचे. फलक झाडामागे निघाला तर पावतीपुस्तक गुपचूप मिटे. कोर्टात जाऊ म्हणणारे पुष्कळ, गेलेला मी एकही पाहिला नाही. शंभर रुपयांसाठी दिवस कोण घालवणार? पन्नासावर मिटवणारे मामाही होते. ती तोडपाण्याची सोय गेली, बरं झालं.

पुढचं लवकर सांगतो. 2016 मध्ये मुंबईत ई-चलान आलं, 2019 पर्यंत राज्यभर पसरलं. त्याच 2019 च्या जुलैत मुंबई महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा गाडी लावली तर पाच ते तेवीस हजारांपर्यंत दंड लावला, त्यापुढे आम्ही पुणेकर काय रडणार! डिसेंबर 2021 पासून आपला दंड पाचशे झाला, पुन्हा सापडलात तर दीड हजार. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नाना पेठेत टोइंगवाल्यांनी दुचाकी तिच्यावर बसलेल्या माणसासकट उचलली. त्या माणसाला निदान आरडाओरडा तरी करता आला.

आता फोटो निघतो, मेसेज येतो. बरेच फोटो पोलिसांच्या खासगी मोबाइलवर काढून नंतर सवडीने चढवले जात. जुलै 2025 मध्ये वाहतूकदारांनी ई-चलानविरुद्ध संप केला, तेव्हा कुठे वरून खासगी मोबाइलवर फोटो काढायला मनाई झाली. ऑनलाइन तक्रारीची सोय आहे. मी केली, कारण लिहिलं, गल्लीचा फोटो जोडला. उत्तर एका शब्दाचं: फेटाळली. का, ते नाही. मग लोक अदालतीची वाट बघायची आणि तिथे सवलत मिळते का पाहायचं. म्हणजे चूक नसली तरी घासाघीस करून थोडी कबूल करायची.

माझ्या त्या चलानाच्या फोटोत स्कूटरची मागची नंबरप्लेट झकास आली आहे. पी-टूचा फलक फोटोत नाही, कारण तो एका फ्लेक्सच्या मागे होता. चलानाच्या फोटोत गाडीबरोबर फलकही दिसलाच पाहिजे, असा नियम करा. आणि फ्लेक्स आडवा येत असेल, तर त्यावर हात जोडून वाढदिवसाच्या शुभेच्छा स्वीकारणारे जे कोणी असतील, त्यांच्या नावाने पावती फाडा.