प्रश्न मोठ्यांचे, मन मुलांचे

मुलांच्या मनाविषयी प्रश्न काढावयाचे मोठ्यांनी आणि रकाने भरावयाचे मुलांनी, ही संशोधनातील रूढ श्रमविभागणी होय. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांत मनोविकार आढळले. आकडा मोलाचा खरा. परंतु डोंबिवलीच्या गर्दीतून लोकलने क्लास गाठणाऱ्या आणि आईवडील रात्री परतेपर्यंत एकट्याच घरी बसणाऱ्या मुलाला नेमके काय सलते, हे त्यातून उमगत नाही. ते विचारावे कसे, हे त्यालाच ठाऊक.

गोव्यातील ‘संगाथ’ने हे ओळखले. अडचणींतून वाट काढण्यास शिकविणारा मोबाइलवरील खेळ या संस्थेने गोवा व दिल्लीतील शाळकरी मुलांना सोबत घेऊनच घडविला. १९०१ पासून मनोरुग्णालय असलेल्या, १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ स्थापन केलेल्या ठाण्यास हे अवघड नसावे.

अडचण आहे ती संमतीची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील मुलाच्या होकाराबरोबर सर्वसाधारणपणे पालकांचीही संमती लागते. दंडक रास्तच, पण सल घरातलाच असेल तर? आणि मेहनतान्याचे काय? तज्ज्ञांना बैठकभत्ता, मुलांना प्रशस्तिपत्रक, ही कसली भागीदारी? निदान लोकलचे भाडे आणि वडापाव तरी अंदाजपत्रकात धरावा.