बालशिक्षिका घडवण्याचा खर्च

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० साली शालेय शिक्षणाची जी नवी मांडणी केली, तिच्यात वयाच्या तिसऱ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंतचा काळ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा ठरवण्यात आला. पहिलीपूर्वीची तीन वर्षे म्हणजे मूल सांभाळण्याची सोय नव्हे, ती शिक्षणाचीच वर्षे होत, ही भूमिका त्यामुळे धोरण म्हणून मान्य झाली. तिचे स्वागत सर्वांनी केले आणि ते योग्यच झाले. तथापि हा पाया ज्यांच्या हातून घातला जायचा त्यांना ते काम कोणी, कोठे आणि किती काळ शिकवायचे, या प्रश्नाकडे तितक्या गांभीर्याने पाहिले गेले आहे, असे म्हणवत नाही.

साधी तुलना करून पाहावी. पहिलीच्या वर्गाला शिकवू इच्छिणाऱ्या उमेदवारास दोन वर्षांची पदविका आणि त्यावर पात्रता परीक्षा आवश्यक असते. तेच मूल वर्षभर आधी ज्या अंगणवाडीत बसत होते, तेथील सेविकेचे प्रशिक्षण मात्र दिवसांत मोजले जाते. पूर्वी नव्या सेविकेसाठी २६ कामकाजाच्या दिवसांचा अभ्यासक्रम असे. त्यातही आहार, आरोग्य, लसीकरण आणि नोंदवह्या यांचा वाटा मोठा. १० मे २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम जाहीर केला. अंगणवाडीत शिक्षणालाही पोषणाइतकेच स्थान हवे हा त्याचा हेतू स्तुत्य आहे. पण त्याखाली सेविकेला मिळणारे प्रशिक्षण तीन दिवसांचे आहे. मूल जितके लहान तितके ते शिकवणे सोपे, हा समज या व्यवस्थेच्या मुळाशी दिसतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

तीन खोऱ्यांचा तालुका

हा प्रश्न प्रत्यक्षात कसा दिसतो ते पाहण्यास मावळ तालुका सोयीचा आहे. पुणे-मुंबई लोहमार्ग आणि महामार्ग यांच्या कडेने तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा ही गावे वाढली. त्यांच्या दोन्ही अंगांना पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ यांतील वाड्या-वस्त्या आहेत. एका बाजूस तळेगावची औद्योगिक वसाहत व तिच्याभोवतीची बांधकामे, दुसऱ्या बाजूस लोणावळा-खंडाळ्याची हॉटेले आणि बंगले, मध्ये भातशेती, आणि डोंगरकडेला ठाकर, कातकरी व महादेव कोळी कुटुंबांच्या वस्त्या. एकाच तालुक्यात इतक्या तऱ्हांचे बालपण नांदते.

तळेगावच्या अंगणवाडीत मराठवाड्यातून किंवा उत्तरेकडून कामासाठी आलेल्या मजुरांची मुले असू शकतात. त्यांच्या घरची भाषा वेगळी. डोंगरावरच्या वस्तीतील मुलाची बोली पुस्तकी मराठीपासून दूरची. लोणावळ्यात हॉटेलात वा बंगल्यांवर कामाला जाणाऱ्या आईला सुट्टीच्या दिवशीच काम अधिक. खोऱ्यातील आई आषाढात लावणीसाठी चिखलात उभी, आणि त्याच दिवसांत पाऊस असा की मुलांना वर्गाबाहेर काढणे अशक्य. चार भिंतींच्या आत, वेगवेगळ्या वयांच्या आणि बोलींच्या मुलांना चार तास रमवायचे, बोलते करायचे, त्यांच्या हातांना काम द्यायचे, हे कौशल्य उपजत नसते. ते शिकावे लागते आणि जाणत्या व्यक्तीच्या शेजारी बसून शिकावे लागते.

नगरांत खासगी ‘नर्सरी’ शाळा गल्लोगल्ली उघडल्या आहेत. तेथेही स्थिती फारशी निराळी नाही. इंग्रजी माध्यम आहे काय, गाडीची सोय आहे काय, हे पालक विचारतात. शिकवणाऱ्या बाईंनी बालशिक्षणाचा अभ्यास केला आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन वही भरून घेतली की शिक्षण झाले असे मानले जाते. अंगणवाडीत शिक्षण कमी पडते आणि नर्सरीत ते अकाली लादले जाते. दोन्ही दोषांचे कारण एकच, शिक्षिकेचे अपुरे शिक्षण.

कोसबाडचा धडा

महाराष्ट्राला हे सारे नव्याने शोधून काढण्याची गरज नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली भावनगर येथे नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार उभा केला. शहरी मध्यमवर्गाच्या मुलांपुरते हे शिक्षण राहू नये म्हणून १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या, आणि अनुताई वाघ त्यांच्या कामात सामील झाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेण्यात आली. आज देशभर रूढ झालेली ‘अंगणवाडी’ ही कल्पना त्या अनुभवातून आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिंपले, खडे, बिया, पाने हेच साहित्य झाले.

या कार्याचे कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. बालवाडी चालवणे आणि बालशिक्षिका तयार करणे ही दोन्ही कामे या मंडळींनी एकाच आवारात ठेवली होती. शिकणारी स्त्री सकाळी प्रत्यक्ष मुलांत असे आणि काय चुकले, काय साधले याची चर्चा त्याच दिवशी होई. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली, तेव्हा सरकारने कोसबाडकडून अंगणवाडी हे नाव घेतले. शिक्षिका घडवण्याची ही रीत मात्र घेतली नाही. योजना देशभर पसरली. कोट्यवधी बालकांना आहार व लसीकरण मिळाले, हे तिचे मोठे यश होय. परंतु सहा सेवांपैकी शालापूर्व शिक्षण ही सेवा बहुतेक ठिकाणी शेवटच्या क्रमांकावर राहिली.

परतावा हवा, खर्च नको

बालशिक्षणाच्या बाजूने आज अर्थशास्त्राचा आधार वारंवार दिला जातो. २००० सालचे नोबेल पारितोषिक विजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी अमेरिकेतील पेरी शालापूर्व प्रकल्पाच्या आकडेवारीवरून असे दाखवले की, या वयात केलेल्या गुंतवणुकीवर समाजाला दरसाल ७ ते १० टक्के परतावा मिळतो. मिशिगन राज्यात १९६२ साली सुरू झालेल्या या प्रयोगात गरीब कुटुंबांतील १२३ मुले निवडली गेली होती आणि त्यांची माहिती पुढे अनेक दशके ठेवण्यात आली. हे आकडे भाषणांत मोठ्या आवडीने सांगितले जातात.

तेथील शिक्षिका पदवीधर आणि प्रशिक्षित होत्या, साधारण सहा मुलांमागे एक शिक्षिका होती, आणि ती दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन आईशी बोलत असे, हा तपशील मात्र त्याबरोबर सांगितला जात नाही. तो परतावा खोलीचा वा खेळण्यांचा नव्हता. तो त्या शिक्षिकांच्या तयारीचा व वेळेचा होता. लाभाचा आकडा घ्यायचा आणि खर्चाची बाजू कोरी ठेवायची, याला कोणत्याही हिशेबात गुंतवणूक म्हणत नाहीत.

वेळेचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा. तमिळनाडूतील अंगणवाड्यांत केवळ शालापूर्व शिक्षणासाठी एक जादा कार्यकर्ती नेमून झालेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. शिकवण्याचा वेळ त्यामुळे दुप्पट झाला आणि मुलांची भाषा व गणित सुधारले. मूळ सेविकेला अन्य कामांसाठी सवड मिळाल्याने कुपोषणही घटले. महाराष्ट्रातील सेविकेचा दिवस कसा जातो ते या संदर्भात पाहावे. वजन-उंचीच्या नोंदी, भ्रमणध्वनीवरील ‘पोषण ट्रॅकर’, गृहभेटी, सर्वेक्षणे, आणि २०२४ साली त्यांत लाडकी बहीण योजनेच्या अर्जांची भर. उत्तम प्रशिक्षण दिले तरी ते वापरायला वेळच नसेल, तर ते कागदावर राहील.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, ज्या स्त्रीने स्वतःची मुले वाढवली तिला निराळे काय शिकवायचे? माया आणि अनुभव यांचे मोल कोणी नाकारीत नाही. परंतु स्वतःच्या दोन मुलांना वाढवणे आणि परक्या वीस-पंचवीस मुलांच्या भाषेची, हालचालींची व भीतीची जाण ठेवून दिवस आखणे ही एकच गोष्ट नव्हे. जे मूल वर्षभर एक शब्द बोलत नाही ते लाजाळू आहे, की त्याला ऐकूच येत नाही, हे वेळीच ओळखण्यास अभ्यास लागतो. ते ओळखले न गेल्यास मुलाची मोलाची वर्षे वाया जातात.

दुसरा आक्षेप पैशाचा. एका अंगणवाडीत दरवर्षी दहा नवी मुले येतात आणि सेविका तीस वर्षे काम करते, असे धरले तर तिच्या हाताखालून तीनशे मुले जातील. तिच्या एका वर्षाच्या शिक्षणाचा खर्च या तीनशे मुलांवर वाटला, तर दर मुलामागे येणारी रक्कम नगण्य ठरते.

तिसरा आक्षेप अधिक खरा आहे. शिकलेली मुलगी टिकेल काय? आता सेविकेसाठी बारावी उत्तीर्ण ही किमान पात्रता आहे. मावळातील बारावी झालेल्या मुलीसमोर कारखाना, हॉटेल, दुकान असे मार्ग आहेत. अंगणवाडीत मात्र तिला मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. केंद्राने आपला वाटा ऑक्टोबर २०१८ पासून ३,००० वरून ४,५०० रुपये केला. राज्य त्यात भर घालते. सेविकांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील सेविका व मदतनीस संपावर गेल्या आणि तो संप जानेवारीतही चालू राहिला. जेथे शिक्षणाने दर्जा व प्राप्ती वाढत नाही, तेथे शिक्षण घेण्याचा उत्साह टिकत नाही. हा नियम सर्वच व्यवसायांना लागू आहे. म्हणून प्रशिक्षण आणि वेतन हे दोन प्रश्न वेगळे सोडवता येणार नाहीत.

मावळात काय करता येईल?

२०२० च्या धोरणातच एक वाट दाखवलेली आहे. बारावी झालेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका, असे त्यात नमूद आहे. परंतु तो मुख्यतः दूरस्थ पद्धतीने, दूरचित्रवाणी वा भ्रमणध्वनीवरून व्हावा आणि प्रत्यक्ष वर्ग अधूनमधून भरावेत, अशी कल्पना आहे. खोऱ्यातील वस्तीवर भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून बालगीत शिकता येईल. रडणारे मूल कसे शांत करावे, हे तेथून शिकता येणार नाही.

याच तालुक्यातील एक उदाहरण मार्गदर्शक ठरावे. आज घरोघरी जाणारा इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ साली तो शेतकऱ्यांना मिळाला. या मातीत आणि या पावसात काय पिकते हे पाहण्यासाठी सरकारने येथे प्रयोगक्षेत्र राखले, म्हणून ते साधले. भातासाठी जे केले ते बालकांसाठी का करू नये? तळेगाव आणि लोणावळा या दोन्ही ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालये आहेत. त्यांच्या आधाराने तालुक्यात एक-दोन प्रयोग-बालवाड्या चालवाव्यात. नव्या सेविकेने आणि खासगी नर्सरीतील शिक्षिकेनेही तेथे काही महिने अनुभवी शिक्षिकेच्या हाताखाली काम करावे. त्या काळात तिच्या केंद्रावर बदली व्यक्ती असावी. अभ्यासक्रम पुरा होताच तिच्या प्राप्तीत निश्चित वाढ व्हावी, आणि पर्यवेक्षिकेने नोंदवह्या तपासण्याऐवजी वर्गात बसून शिकवण्यास साहाय्य करावे.

पैसा कोठून येणार, असे विचारणाऱ्यांनी तळेगावचाच इतिहास आठवावा. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून प्रत्येकाकडून एकेक पैसा गोळा झाला, लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले, आणि १९०८ साली तेथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. त्याची खरी कमाई काचसामानापेक्षा तेथे शिकलेले कारागीर हीच होती. ते पुढे देशातील अनेक कारखान्यांत गेले. परकीय सत्तेखालील एका लहान गावाला काचकाम शिकवण्याची शाळा लोकांच्या पैशावर चालवता आली. आज कारखाने, नगरपरिषदा आणि पर्यटन यांच्या उत्पन्नावर उभ्या असलेल्या तालुक्याला बालशिक्षिकांची एक शाळा जड वाटू नये. पहिले पाऊल जिल्हा परिषदेने आणि दोन्ही नगरपरिषदांनी टाकावे. कारण यंदा तीन वर्षांचे झालेले मूल आणखी तीन वर्षांनी पहिलीत असेल, आणि त्याच्या शिक्षिकेच्या तयारीसाठी ते थांबणार नाही.