तारखेला सोबत कोण?

बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ला यांतील पीडितांसाठी महाराष्ट्र सरकारने २ ऑक्टोबर २०१३ पासून एक योजना लागू केली आणि तिचे नाव ठेवले 'मनोधैर्य'. अशा गुन्ह्यात माणसाचे नेमके काय मोडते, ते या नावातच आले आहे. अर्थसाहाय्याबरोबर समुपदेशन, निवारा, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत हे सगळे योजनेत धरलेले होते. सुरुवातीला रक्कम दोन लाख, विशेष प्रकरणात तीन लाख होती. २०१७ च्या अखेरीस ती कमाल दहा लाखांवर नेली आणि काम विधी सेवा प्राधिकरणाकडे दिले. ही वाढ आवश्यकच होती. पण रक्कम मोजता येते, मंजुरीवर तारीख टाकता येते. कुणाची झोप परत आली का, हे कोणत्या रकान्यात लिहायचे? त्यामुळे पैसा हाच योजनेचा चेहरा झाला आणि नावातले मन मागे पडले. माझे म्हणणे एवढेच, की धैर्य सोबतीने येते आणि ती सोबत पाड्याच्या जवळची असावी लागते. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलहून पाहिले, की ही गोष्ट स्पष्ट दिसते.

हरसूल हे कोकणा, वारली, महादेव कोळी वस्तीच्या पट्ट्यातले बाजाराचे गाव. फिर्याद इथल्या पोलीस ठाण्यात होते, पण गंभीर गुन्ह्याचा खटला नाशिकच्या सत्र न्यायालयात चालतो. तारखेच्या दिवशी पाड्यावरून पहाटे चालत निघायचे, एसटी किंवा काळीपिवळी धरायची, वाघेरा घाट ओलांडून गिरणाऱ्यावरून शहर गाठायचे. कोर्टाच्या आवारात आरोपीचे नातेवाईक समोरच उभे असतात. घरात बोलली जाणारी बोली वेगळी, कागदावरची मराठी वेगळी. दुपारी कळते, की तारीख पुढे गेली. दिवसाची मजुरी बुडालेली असते. द्राक्षाच्या हंगामात तर कुटुंबच दिंडोरी-निफाडकडे कामाला गेलेले असते आणि समन्स बंद दारावरून परत जाते. अशा दोन-तीन खेपांनंतर 'मिटवून टाका' हा गावातला सल्ला शहाणपणाचा वाटू लागतो. साक्ष फिरली की आपण पीडितेला दोष देतो; त्या खेपांचा हिशेब कुणी मांडत नाही.

मानसशास्त्र याबद्दल काय सांगते? हिंसेनंतर झोप उडणे, दचकणे, प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, स्वतःलाच दोष देणे हे स्वाभाविक आहे. सुरक्षितता मिळाली आणि विश्वासाची माणसे जवळ राहिली, तर पुष्कळ जण हळूहळू सावरतात. ज्यांना जमत नाही त्यांना तज्ज्ञाचे उपचार लागतात, आणि ते गुणकारी आहेत. मात्र घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळे बोलून घ्यायला लावण्याचा उपयोग होत नाही, असे अभ्यासांतून दिसल्याने ब्रिटनच्या उपचार-मार्गदर्शिकेने ती पद्धत टाळायला सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मांडलेल्या मानसिक प्रथमोपचाराचे सूत्रही साधे आहे: पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या. आपल्याकडे मात्र तीच हकीकत घरी, ठाण्यात, दवाखान्यात, दंडाधिकाऱ्यांपुढे आणि शेवटी उलटतपासणीत सांगावी लागते. दर वेळी समोरचा माणूस नवा असतो.

एकच माणूस शेवटपर्यंत सोबत असावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' संस्था आणि महापालिका यांनी 'दिलासा' केंद्र उभे केले. जखमेवर पट्टी बांधायला आलेल्या बाईशी तिथेच बोलायला माणूस मिळावा, हा त्यामागचा विचार. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पोक्सो कायद्यात तर साहाय्यक व्यक्तीची तरतूदच आहे. २०२० च्या नियमांनी तिची कामे ठरवली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या नेमणुकीबाबत निर्देश दिले. नाशिककरांना आणखी जवळचे उदाहरण आहे. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य केंद्राने 'आत्मीयता' हा प्रयोग २०१३ ते २०१५ या काळात याच जिल्ह्यातल्या ४१ गावांत केला. गावातल्याच माणसांना शिकवले, हातातल्या मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवल्या, दुःखी माणूस ओळखून त्याच्याशी कसे बोलायचे आणि कधी दवाखान्यात पाठवायचे ते सांगितले. पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात त्याची मोठी चाचणी झाली आणि लोकांचा त्रास खरोखर कमी झाल्याचे दिसले.

आक्षेप आहेत, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा, की 'आत्मीयते'ने नैराश्य आणि चिंता हाताळली, गुन्ह्याचा आघात नव्हे. हे खरे आहे. म्हणून पीडितेबरोबर शेवटपर्यंत राहणाऱ्या, जवळपासच्याच सोबतिणीला मी उपचाराचे काम देत नाही. तिने ओळखावे, टिकून राहावे, पुढे पाठवावे. दुसरा आक्षेप गुप्ततेचा: छोट्या गावात शेजारीण समुपदेशक झाली तर गोष्ट चव्हाट्यावर येईल, शिवाय ती आरोपीच्या भावकीतलीही निघू शकते. हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो. त्यावर उपाय म्हणजे सोबतीण त्याच बोलीची पण दुसऱ्या पाड्यावरची असावी, आणि तिला निवडण्याचा किंवा नाकारण्याचा हक्क पीडितेचा असावा. ओळख उघड करणे हा तर गुन्हाच आहे. तिसरा आक्षेप वकिलांचा, की साक्षीदार पढवला जाईल. तर सोबतिणीने घटनेविषयी बोलूच नये. कोर्ट कसे असते, कोण कुठे बसते, थांबवा असे म्हणता येते, एवढे सांगावे. बालक आरोपीच्या समोर येऊ नये, त्याला मध्ये विश्रांती मिळावी, हे पोक्सोनेच सांगितले आहे. ते मागायला कुणीतरी जवळ हवे. राहिला गावातल्या आशा आरोग्यसेविकांवरच्या ओझ्याचा प्रश्न. हे काम त्यांच्या यादीत फुकट घालू नये. स्वतंत्र नेमणूक, मानधन आणि प्रवासखर्च द्यावा.

योजनेत आणखी एक उणीव आहे. जुलै २०१५ मध्ये हरसूलच्या बाजारपेठेत दंगल उसळली, दुकाने जळाली, पोलिसांनी गोळीबार केला. ज्यांचे माणूस गेले आणि ज्यांचे दुकान गेले, ते सगळे भेदरलेलेच होते. 'मनोधैर्य' मात्र ठरावीक गुन्ह्यांपुरतीच आहे. भरपाईच्या कायद्यात मृताचे वारसही पीडित ठरतात, पण त्यांच्या मनासाठी दारी कोण येणार, हा प्रश्न तिथेही उरतो.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने आणि महिला व बालविकास विभागाने हरसूलच्या पोलीस ठाण्याशी जोडलेल्या, इथली बोली बोलणाऱ्या चार सोबतिणी नेमाव्यात. त्यांतली एक फिर्यादीच्या दिवशीच पीडितेला जोडून द्यावी आणि निकालानंतरही वर्षभर सोबत ठेवावी. तोवर वाचकांनी हे क्रमांक दुसऱ्याला सांगावेत: महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००, आणि मन खचले असेल तर टेलिमानसचा १४४१६.