एकाच गेटवर दोन पगार

आज पगारवाढीबद्दल बोलू.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला किंवा बंगळुरूत. एखाद्या मोठ्या कारखान्याच्या गेटवर जरा थांबून पाहा. रखवालदार दोन, काम एकच. पण एक कंपनीचा कायम कामगार, दुसरा ठेकेदाराचा माणूस. फौजेतून चाळिशीच्या आसपास निवृत्त झालेले आमचे कितीतरी जवान या दुसऱ्या जागेवर उभे असतात.

पहिल्याचा पगार दर करारात वाढतो. दुसऱ्याचा का वाढत नाही? त्याचे काम कंपनी घेते, पगार ठेकेदार देतो. मग वाढ मागायची कोणाकडे? ठेका बहुधा सर्वांत कमी दर भरणाऱ्याला मिळतो. या धंद्यात मुख्य खर्च माणसांच्या पगाराचा, त्यामुळे कात्री तिथेच लागते. सरकारने ठरवलेले किमान वेतन म्हणजे खरे तर तळ. इथे तेच छत होऊन बसते. ठेकेदार बदलला की नोकरीची वर्षे पुन्हा एकपासून मोजायची. शिवाय स्वस्त माणूस हाताशी असला की कायम कामगाराचाही वाटाघाटीतला जोर कमी होतो.

यावर महाराष्ट्राने एक वाट काढली. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे आली. त्याच धर्तीवर 1981 मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा झाला. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे होते. मालक पगार आणि त्यावरची लेव्ही मंडळात भरतो. मंडळ रक्षकाला पगार देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी सांभाळते. मालक बदलला तरी साठलेले हक्क बुडत नाहीत.

यातली उणीवही सांगतो. कायद्यात सूट मिळवण्याची तरतूद आहे आणि अनेक एजन्सींचे रक्षक मंडळाबाहेरच आहेत.

रोजगार हमीतही हेच दिसले. राष्ट्रीय योजना 2006 मध्ये 200 जिल्ह्यांत सुरू झाली. शेतीची कामे नसलेल्या महिन्यांत तिथले खासगी मजुरीचे दरही वाढले, असे अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात आढळले. कारण साधे आहे: दुसरीकडे काम मिळण्याची सोय असली की मजुराला कमी दराला ‘नाही’ म्हणता येते.

तुमच्या सोसायटीच्या सभेत सुरक्षारक्षकांचे सर्वांत स्वस्त कोटेशन समोर आले, तर एवढेच विचारा: या दरात किमान वेतन आणि पीएफ बसतो का? बसत नसेल, तर आपली बचत गेटवरच्या माणसाच्या खिशातून होते आहे.

जय हिंद.