आरोग्यसेवेतील माहिती-तंत्रज्ञान आणि व्यवसाय-प्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण

रुग्णालयातील केसपेपर वरकरणी एकच असला, तरी त्याचे वाचक तीन असतात. वैद्य त्यात रोगाची वाटचाल पाहतो, हिशेबनीस देयकाचा आधार शोधतो, आणि संगणकास त्यातील ठरावीक चौकटींत बसणारे संकेतांक तेवढे हवे असतात. ह्या तिन्ही वाचकांची भाषा भिन्न आहे. एका भाषेतून दुसरीत जाताना अर्थ कोठे टिकतो व कोठे गळतो हे ओळखणारा प्रशासक घडविणे, हे आरोग्यसेवेतील माहिती-तंत्रज्ञानावर भर देणाऱ्या एम.बी.ए. अभ्यासक्रमाचे खरे प्रयोजन होय. अशा अभ्यासक्रमांची गरज अमेरिकेत विशेष ठळकपणे पुढे आली. यास्तव प्रस्तुत विवेचनात प्रथम तेथील अनुभवाचा विचार केला आहे.

व्यवसाय-प्रशासनाची पदव्युत्तर पदवी हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ साली सुरू केली. १९३४ साली शिकागो विद्यापीठात मायकेल डेव्हिस ह्यांच्या पुढाकाराने रुग्णालय-प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. तथापि माहितीला आजचे महत्त्व येण्यास पुढील दोन घटना कारणीभूत झाल्या. १९८३ साली अमेरिकेच्या मेडिकेअर ह्या सरकारी विमायोजनेने रुग्णालयांना झालेला खर्च भरून देण्याऐवजी रोगनिदानाच्या गटानुसार पूर्वनिश्चित रक्कम देण्याची पद्धती स्वीकारली. त्यामुळे निदानाच्या नावाला किंमत आली. पुढे २००९ च्या कायद्यान्वये, संगणकीय नोंदींचा अर्थपूर्ण वापर करणाऱ्या रुग्णालयांना व वैद्यांना आर्थिक साहाय्य मिळू लागले. २००८ साली तेथील बिगर-संघीय सर्वसाधारण रुग्णालयांपैकी ९.४ टक्के रुग्णालयांत प्राथमिक स्वरूपाची संगणकीय नोंदव्यवस्था होती. २०१५ साली हे प्रमाण ८३.८ टक्क्यांवर गेले. यंत्रे झपाट्याने आली. ती चालविण्याचे शहाणपण मात्र त्या वेगाने येणे शक्य नव्हते.

ह्या पदवीचा अभ्यासक्रम दुपेडी असतो. हिशेबशास्त्र, वित्त, विपणन, संघटनावर्तन व व्यूहनीती हे विषय कोणत्याही एम.बी.ए.प्रमाणेच असतात. त्यांच्या जोडीला आरोग्यसेवेची रचना व कायदे, नोंदींची गोपनीयता, माहितीचे विश्लेषण, तसेच निरनिराळ्या यंत्रणांना परस्परांशी बोलता यावे म्हणून ठरविलेली प्रमाणके शिकविली जातात. आरोग्य-माहितीशास्त्राच्या एम.एस्सी.सारख्या पदव्यांत यंत्रणेच्या रचनेवर भर असतो. येथे ती यंत्रणा घ्यावी काय, किती खर्चाने घ्यावी आणि तिच्यामुळे परिचारिकेचे काम वाढेल की घटेल, ह्या प्रश्नांवर असतो. हा अभ्यासक्रम निवडणाऱ्यांत परिचारिका, वैद्य, औषधनिर्माते आणि संगणक-व्यावसायिक असे सर्वच आढळतात. पहिल्या तिघांना वित्ताची परिभाषा नवी असते, तर चौथ्याला रुग्णशय्येची.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वैद्यकीय नोंदीत ‘संशयित’ व ‘संभाव्य’ ह्या शब्दांना फार मोल आहे. कारण वैद्याची निश्चिती किती, हे तेच सांगतात. अमेरिकेतील संकेतन-नियमांनुसार बाह्यरुग्णाच्या बाबतीत संशयित रोगाला संकेतांक देता येत नाही. लक्षणालाच द्यावा लागतो. दाखल झालेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र, घरी सोडतेवेळी निदान ‘संभाव्य’ असे लिहिलेले असल्यास, तो रोग खरोखरच असल्याप्रमाणे संकेतांक दिला जातो. देयकाच्या दृष्टीने ह्या नियमामागे तर्क आहे. परंतु संकेतांक देयकातून सुटून अन्यत्र गेला की ‘संभाव्य’ हा शब्द मागे राहतो आणि केवळ रोग पुढे जातो.

ह्याचे परिणाम २००९ साली बोस्टन परिसरात दिसून आले. मूत्रपिंडाच्या कर्करोगातून वाचलेल्या एका रुग्णाने आपल्या नोंदी रुग्णालयातून ‘गूगल हेल्थ’ ह्या तत्कालीन सेवेकडे हलविल्या. त्या उघडून पाहता कर्करोग मेंदूत वा पाठीच्या कण्यात पसरल्याची नोंद त्याला आढळली. असे निदान त्याच्या वैद्यांनी कधीही सांगितले नव्हते. ह्या नोंदींचा काही भाग देयकाच्या संकेतांकांतून घेतलेला होता. यंत्र बिघडले नव्हते. कोणी हेतुतः खोटेही लिहिले नव्हते. एका प्रयोजनासाठी लिहिलेला मजकूर दुसऱ्याच प्रयोजनासाठी वाचला गेला, एवढेच घडले. एखाद्या अपरिचित वैद्याने आणीबाणीच्या प्रसंगी त्याच नोंदीवर विसंबून उपचार केले असते, तर काय झाले असते, ह्याची कल्पना करता येते.

म्हणून ‘ही नोंद कोणी, कशासाठी व किती खात्रीने केली?’ हा प्रश्न विचारावयास शिकविणे, ही ह्या पदवीची कसोटी मानावी लागेल. अभ्यासक्रम निवडणाऱ्याने शुल्क व पुढील वेतन ह्यांचा विचार अवश्य करावा. परंतु विद्यार्थ्याला प्रत्यक्ष वॉर्डात बसून नोंद कशी लिहिली जाते हे पाहावयास मिळते काय, हेही विचारावे. केवळ ताळेबंद वाचू शकणाऱ्याला देयकाची भाषा हीच नोंदीची एकमेव भाषा वाटू लागते.

भारतात हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. संगणकीय आरोग्यनोंदींची प्रमाणके २०१३ साली जाहीर होऊन २०१६ मध्ये सुधारली गेली. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ साली देशभर सुरू झाले. ‘स्नोमेड सीटी’ ह्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिभाषेच्या राष्ट्रीय केंद्राचे काम पुण्याच्या ‘सी-डॅक’कडे आले. आपल्याकडे मात्र भाषांतराची एक पायरी आधीच चढावी लागते. रुग्ण मराठीत सांगतो, वैद्य इंग्रजीत लिहितो आणि यंत्र संकेतांक साठविते. ‘जीव घाबरा होतो’ असे एखादी वृद्धा सांगते, तेव्हा तिला छातीतील धडधड म्हणावयाची असेल, धाप म्हणावयाची असेल, किंवा निव्वळ भीतीही म्हणावयाची असेल. यंत्राच्या चौकटीत ह्यांपैकी एकच शब्द निवडावा लागतो. निवड चुकली तर वृद्धेला ते कळणार नाही, आणि यंत्रालाही कळणार नाही. ते कळावे अशी व्यवस्था उभी करणे हे प्रशासकाचे काम आहे. त्याच्या शिक्षणाचे मोलही तेथेच ठरते.