परवान्याची बंदूक

विजयादशमीच्या दिवशीं शस्त्रपूजन करण्याची चाल महाराष्ट्रांतील पुष्कळ घराण्यांत अद्यापि टिकून आहे. ज्या घरीं आजोबा-पणजोबांच्या वेळची बंदूक असते, तेथें ती त्या दिवशीं पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहतात, झेंडूचें फूल घालतात आणि घरांतील मुलांना ती दुरून दाखवितात. एवढा मान वर्षांतून एकदां. उरलेले ३६४ दिवस मात्र ती मालकाच्या जिवाला एक घोर होऊन बसते. त्याच दिवशीं पूजिल्या जाणाऱ्या शमीची कथाही या बाबतींत बोलकी आहे. अज्ञातवासांत शिरण्यापूर्वीं पांडवांनीं आपलीं शस्त्रें शमीवर दडवून ठेवलीं. कारण गांडीव हातीं असतें तर अर्जुन लपला नसता. शस्त्र संरक्षण करतें, तसेंच तें बाळगणाऱ्यास बांधूनही ठेवतें.

बंदुकीविषयीं सामान्य समजूत अशी कीं, पैसे मोजले, परवाना काढला आणि ती भिंतीवर टांगली, कीं मालक निर्धास्त झाला. ज्यांनीं बंदूक प्रत्यक्ष बाळगली आहे त्यांचा अनुभव निराळा असतो. परवाना, काडतुसें, गंज, धक्का, आवाज आणि घरांतील माणसांची काळजी, अशी ही सारी मालिका आहे.

प्रथम कायदा. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत झालेल्या हत्यारांच्या कायद्यानें एतद्देशीयांस परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची मनाई केली. युरोपियनांस मात्र त्यांतून सूट होती. त्यामुळें परवान्याची बंदूक ही सरकारच्या मर्जीची खूण ठरली आणि तिला प्रतिष्ठा चढली. तो कायदा गेला, तरी प्रतिष्ठेची ती भावना कांहीं अंशीं राहिली. स्वतंत्र भारताचा १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. त्याखालीं २०१६ सालीं नवे नियम झाले आणि २०१९ सालीं मूळ अधिनियमांत दुरुस्ती झाली. परवाना हा नागरिकाचा हक्क समजला जात नाहीं. अर्जदारानें आपली गरज पटवून द्यावी, पोलिसांनीं त्याची वागणूक तपासावी, वैद्यांनीं त्याच्या शरीराची व मनाची प्रकृति पाहावी, शस्त्र हाताळण्याचें शिक्षण त्यानें घ्यावें आणि तें घरीं सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी, अशी ही वाट आहे. एवढें करून मिळालेल्या परवान्याची मुदत ५ वर्षांची. ती संपण्याच्या सुमारास पुन्हां अर्ज, पुन्हां चौकशी.

२०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसानें बाळगावयाच्या बंदुकांची संख्या तीनावरून दोनावर आणली. आजोबांची दुनळी, वडिलांची रायफल आणि स्वतःचें रिव्हॉल्व्हर असा ज्याचा संग्रह होता, त्यास यांपैकीं एकीचा निरोप घ्यावा लागला. आणि वारसाहक्कानें आलेल्या बंदुकांनाही ही मर्यादा लागू आहे.

कायद्याचा दुसरा त्रास निवडणुकीच्या वेळीं होतो. निवडणूक जाहीर झाली कीं परवानाधारकांची छाननी होते, आणि ज्यांना हुकूम होईल त्यांनीं आपली बंदूक ठाण्यांत जमा करावयाची असते. शहरांतील गृहस्थास हा नुसता हेलपाटा वाटतो. कोंकणांतील शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत रानडुकरें व वानरें यांजपासून पीक राखण्यासाठीं शेतीसंरक्षणाचे परवाने आहेत. कित्येकांजवळ अजून ठासणीच्या बंदुका आहेत. महाराष्ट्रांत विधानसभेचें मतदान २०१९ सालीं २१ ऑक्टोबरला आणि २०२४ सालीं २० नोव्हेंबरला झालें. भात पिकून कापणीला येतें तें याच दिवसांत. लोकसभेची निवडणूक उन्हाळ्यांत येते, तेव्हां झाडावर काजू आणि आंबा असतो. म्हणजे वर्षांतून ज्या दिवसांसाठीं बंदूक घेतली, नेमक्या त्याच दिवसांत ती ठाण्यांत पडून राहण्याचा संभव. कर्नाटकांतील कोडगू लोकांस परवान्यांतून जुनी सूट आहे आणि ती २०२९ पर्यंत वाढविलेली आहे. परंतु असें भाग्य फार थोड्यांच्या वांट्यास येतें.

बंदूक मिळाली तरी ती उडवावयाची कोठें? पूर्वीं याचें उत्तर शिकार हें होतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें तो दरवाजा बंद केला, आणि तो बंद झाला हें चांगलेंच झालें. आज वनाधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीवांचून रानडुकरावरही बार टाकतां येत नाहीं. लग्नाच्या वरातींत किंवा निवडणुकीच्या विजयांत हवेंत बार काढणें हा स्वतंत्र गुन्हा असून त्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. हवेंत उडविलेली गोळी आकाशांतच राहत नाहीं, एवढें साधें सत्य त्या आनंदांत विसरलें जातें. अमेरिकन लष्करांतील ज्युलियन हॅचर यांनीं १९२० च्या सुमारास यावर प्रयोग केले. त्यांत सरळ वर उडविलेली रायफलची गोळी सेकंदास सुमारें ३०० फुटांच्या वेगानें खालीं येते असें आढळलें. असा घाव डोक्यावर बसल्यास माणूस मरूं शकतो. गोळी तिरपी उडविली तर ती याहूनही अधिक वेगानें येते. लहानशा ‘टू-टू’ रायफलीची गोळीसुद्धां मैलभर जाते. छऱ्याच्या बंदुकीचे बारीक छरेही २०० मीटरपर्यंत पोहोंचतात. शेताच्या पलीकडे रस्ता, रस्त्याच्या पलीकडे वस्ती, अशा दाट देशांत निर्धोक दिशा शोधणें हेंच मोठें संकट.

तेव्हां राहिलें नेमबाजीचें मैदान. तें सगळ्या गांवीं नसतें, आणि काडतुसें परवान्यावर लिहिलेल्या संख्येहून अधिक मिळत नाहींत. याचा परिणाम असा कीं, सामान्य मालक वर्षांत दहा बारही काढीत नाहीं. सराव नाहीं म्हणून नेम नाहीं, आणि नेम नाहीं म्हणून बंदूक असून नसल्यासारखी. नेमबाजी हें किती कष्टाचें शास्त्र आहे तें खेळाडूंकडे पाहिल्यास कळतें. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें जगज्जेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यांतील स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलचें कांस्यपदक मिळविलें. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तेथें श्वास आवरून आणि छातीची धडधड मोजून चाप ओढावा लागतो. असे हात रोजच्या सरावानें, जाणत्या शिक्षकाच्या नजरेखालीं तयार होतात. दसऱ्याला पुसून ठेवलेल्या बंदुकीनें ते तयार होत नाहींत.

प्रत्यक्ष बार काढतांना काय होतें, तेंही समजून घेण्यासारखें आहे. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्यास त्यांपैकीं एक जींत बसेल अशी नळी. तिचा व्यास सुमारें १८·५ मिलिमीटर. अशा बंदुकींतून सुमारें ३२ ग्रॅम छरे सेकंदास ३६५ मीटर वेगानें बाहेर पडतात. न्यूटनच्या नियमानें जेवढा आवेग पुढें, तेवढाच मागें; म्हणून सव्वातीन किलोची बंदूक सेकंदास सुमारें ४ मीटर वेगानें खांद्यावर आदळते. दस्ता खांद्याशीं घट्ट धरला नसेल तर हंसळीजवळ काळेंनिळें होतें. याहून वाईट गोष्ट मनाची होते. दोनचार धक्के बसले कीं शरीर पुढच्या धक्क्याची वाट पाहूं लागतें. चाप ओढण्याच्या क्षणीं डोळे मिटतात, खांदा आकसतो आणि नळी खालीं झुकते. उस्ताद लोक कधीं कधीं शिष्याच्या नकळत पोकळ काडतूस भरून बंदूक त्याच्या हातीं देतात. चाप ओढला जातो, आवाज होत नाहीं, पण नळी मात्र दचकून हालते. मग शिष्यास कळतें कीं चूक बंदुकीची नव्हती.

आवाजाची हानि याहूनही मुकाट्यानें होते. १४० डेसिबलच्या पुढचा एक आघातसुद्धां कानास अपायकारक असतो, आणि बारा बोअरचा बार १५० च्याही पुढें जातो. कानाच्या आंत शंखाकृति भागांत ज्या सूक्ष्म केसाळ पेशी असतात, त्या एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. जुन्या शिकाऱ्यांस म्हातारपणीं पांखरांची किलबिल ऐकूं येईनाशी होते आणि कानांत एकसारखी शीळ वाजत राहते, याचें कारण हें होय. कानांत बोळे आणि वर आवरण घेतल्यावांचून एकही बार काढूं नये.

आतां बंदुकीचें आरोग्य. लोखंड आणि लांकूड या दोहोंशींही आपल्या पावसाळ्याचा उभा दावा. काडतुसाच्या बुडाशीं जी टोपी असते, तींत ठिणगी पाडणारें मिश्रण भरलेलें असतें. जुन्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला कीं त्याचें पोटॅशियम क्लोराइड होऊन तें नळीच्या आंत बसतें. हें मिठाचेंच भावंड; दमट हवेंतील ओल ओढून घेतें आणि नळीस गंज धरतो. तेलांत हें विरघळत नाहीं, त्यास कढत पाणीच लागतें. हें ठाऊक नसलेला मालक नळींत तेल घालून निश्चिंत निजतो, आणि तेलाखालीं गंज आपलें काम करीत राहतो. अलीकडच्या टोप्यांत क्लोरेट नसतें, पण पुष्कळांत शिशाचें संयुग असतें. त्याचा धूर बंदिस्त जागेंत वारंवार नाकांत गेल्यास रक्तांत शिसें वाढतें. यास्तव नेमबाजी संपल्यावर हात धुतल्यावांचून अन्नाला स्पर्श करूं नये. कातड्याच्या म्यानांत बंदूक ठेवणें शोभिवंत खरें. परंतु कातडें ओल धरून ठेवतें आणि पावसाळ्यानंतर तींतून बाहेर पडते ती तांबूस डागांची नळी.

वडिलोपार्जित बंदुकींत आणखी एक संकट दडलेलें असतें. जुन्या दुनळ्यांपैकीं कित्येकींच्या नळ्या लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून केलेल्या असतात; त्यांजवर सुंदर लाटा दिसतात. त्या काळ्या दारूच्या बेताच्या दाबासाठीं केलेल्या होत्या. आजचें धूररहित दारूचें काडतूस त्यांत भरल्यास नळी हातांत फुटण्याचा संभव असतो. दुसरा अपघात घाईचा. वीस बोअरचें काडतूस बारीक असतें. तें चुकून बारा बोअरच्या नळींत पडलें तर पुढें सरकून अडकतें. मालकास नळी रिकामी दिसते, तो मागें बारा बोअरचें काडतूस भरतो आणि दोन्ही एकदम पेटून नळीच्या चिंध्या होतात. म्हणून वीस बोअरचीं काडतुसें पिवळ्या रंगाचीं करण्याची रीत पडली. चाप ओढूनही बार उडाला नाहीं तर बंदूक लगेच उघडूं नये. ती निर्धोक दिशेस धरून निदान अर्धा मिनिट थांबावें, कारण दारू कधीं कधीं उशिरां पेटते.

एवढें सारें सोसावयाचें तें कशासाठीं, असें विचारल्यास बहुतेक मालक ‘घराच्या रक्षणासाठीं’ हें उत्तर देतील. परंतु येथेंच सगळ्यांत मोठी अडचण उभी राहते. बंदूक कुलुपांत, काडतुसें दुसऱ्या कुलुपांत आणि किल्ल्या मालकाच्या कमरेला, हीच ठेवण्याची शहाणपणाची रीत. पण चोर शिरल्यावर अंधारांत दोन कुलुपें उघडण्यास तो सवड देत नाहीं. उलट बंदूक भरून उशाशीं ठेवावी, तर ती चोराच्या आधीं नातवाच्या हातीं लागावयाची. निर्धोक ठेवलेली बंदूक वेळेवर उपयोगी पडत नाहीं आणि वेळेवर उपयोगी पडेल अशी ठेवलेली निर्धोक राहत नाहीं. हा पेच कोणत्याही कारागिरास पुरता सोडवितां आलेला नाहीं.

शिवाय चोर हा घरांत क्वचित् येतो. राग, दुःख आणि निराशा हीं घरांतच राहतात. अमेरिकेंत घरोघर बंदुका आहेत. तेथें २०२१ सालीं बंदुकीनें ४८,८३० माणसें मेलीं. त्यांपैकीं २६,३२८ जणांनीं ती स्वतःवरच चालविली होती. कॅलिफोर्नियांतील कोट्यवधि प्रौढांचा कित्येक वर्षांचा आढावा २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत स्वतःवर गोळी झाडून मरण्याचें प्रमाण तें न बाळगणाऱ्यांच्या सुमारें आठपट, आणि स्त्रियांत तर पस्तीसपटींहून अधिक आढळलें. मनाची वाईट घटका बहुधा सरून जाते; हाताशीं बंदूक असली तर ती सरावयास अवधि मिळत नाहीं. घरांत कोणी खिन्न असेल, व्यसनाधीन असेल किंवा क्रोधाच्या आहारीं जात असेल, तर बंदूक त्या घरांतून तात्पुरती तरी हलवावी. परवानाधारक व्यापाऱ्याकडे ती रीतसर ठेवतां येते.

शेवटीं वारसांविषयीं. परवाना माणसाच्या नांवाचा असतो, घराण्याच्या नांवाचा नव्हे. मालक वारला कीं त्याचा परवाना संपतो, आणि कपाटांतील बंदूक त्याच दिवसापासून घरच्यांकडे विनापरवाना राहते. तेराव्याच्या गडबडींत ही गोष्ट कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वर्षां-दोन वर्षांनीं माळा झाडतांना ती सांपडते आणि ज्या विधवेनें आयुष्यांत चापास हात लावला नाहीं, तिजवर जाबजबाबाचा प्रसंग येतो. यास्तव मृत्यूनंतर बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करून पावती घ्यावी. त्याहून बरा मार्ग हयातींतला. २०१६ च्या नियमांप्रमाणें मालकाचें वय ७० झालें, किंवा बंदूक त्याजकडे २५ वर्षें राहिली, म्हणजे ती वारसाच्या नांवें करून देण्यासाठीं अर्ज करतां येतो. मात्र तो अर्ज करण्यापूर्वीं मुलासुनेस जवळ बसवून ही वस्तु त्यांना हवी आहे काय, हें एकदां विचारावें. त्यांचें उत्तर ‘नको’ असें आलें, तर त्यांत घराण्याचा कमीपणा नाहीं. बंदूक रीतसर विकावी आणि तिची पावती घरच्या महत्त्वाच्या कागदांत जपून ठेवावी.